जुन्या ट्रॅक्टरने गवत कापताना

इंग्लंडातले कुरण एक वर्ष कापले नाही, तर हिवाळ्यापर्यंत गवत आडवे पडते आणि खालच्या कोवळ्या फुटव्यांना ऊन मिळेनासे होते. दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या झाडोऱ्यातून ब्लॅकबेरीचे काटेरी वेल आत सरकतात. आणखी काही वर्षांत हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नची रोपे कमरेला लागतात आणि मग त्या रानाला कुरण म्हणता येत नाही. ज्यांच्याकडे गाई-मेंढ्या आहेत त्यांचे हे काम जनावरेच करतात. पण गावाकडे चार-पाच एकरांचा तुकडा घेऊन राहणारे, फळझाडांची जुनी बाग सांभाळणारे, घोड्यासाठी थोडे रान राखणारे असे बरेच लोक तिथे आहेत. भाड्याने येणारा शंभर-दीडशे अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्यांच्या जुन्या फाटकातून आत शिरत नाही, शिरला तरी ओल्या जमिनीत चाकोऱ्या पाडून जातो आणि एवढ्याशा कामासाठी तो वेळेवर येतही नाही. अशांच्या शेडमध्ये एक छोटा राखाडी ट्रॅक्टर उभा असतो. बऱ्याचदा तो मालकापेक्षाही वयाने मोठा असतो.

या पुस्तिकेचा विषय तो ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे जोडायचे गवत कापण्याचे यंत्र, म्हणजे फ्लेल मोअर, हा आहे. अशी जोडी जमवणारे लोक आता पुष्कळ आहेत. यंत्र आजचे, ट्रॅक्टर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा. दोघांची गाठ पडते तेव्हा काही गोष्टी आश्चर्य वाटावे इतक्या चपखल बसतात आणि एक गोष्ट मुळीच बसत नाही. ती न बसणारी गोष्ट ज्याला नीट समजली, त्याचा जुना ट्रॅक्टर अजून कितीतरी वर्षे रानात राबेल असे मला मनापासून वाटते. असे ट्रॅक्टर रंगवून मिरवणुकीत फिरवण्यापुरते उरावेत किंवा भंगारात जावेत, हे मला पटत नाही. ते कामासाठी बनवले होते आणि झेपेल ते काम त्यांना मिळाले पाहिजे.

आधी ट्रॅक्टरची ओळख करून घेऊ. इंग्लंडात ज्याला लाडाने ‘लिटल ग्रे फर्गी’ म्हणतात तो फर्ग्युसन टीई-२०. हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडच्या काउंटी डाउनमधला, १८८४ सालचा जन्म. ट्रॅक्टरच्या मागे अवजार साखळीने ओढत नेण्याऐवजी ते तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडायचे आणि हायड्रॉलिकने उचलायचे, ही पद्धत त्याने सिद्ध केली. नांगर खोल रुतला की ओढ वाढते. ती ओढ वरच्या दांड्यातून हायड्रॉलिकला कळते आणि अवजार आपोआप थोडे उचलले जाते. शिवाय अवजाराचे वजन आणि ओढ मागच्या चाकांवर येत असल्यामुळे हलका ट्रॅक्टरही जमिनीला धरून राहतो. आज आपल्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टरमागे दिसणारे तीन दांडे याच पद्धतीचे आहेत.

१९३८ मध्ये फर्ग्युसन अमेरिकेत हेन्री फोर्डला भेटला आणि दोघांनी कागद न करता, हात मिळवून सौदा केला. त्यातून १९३९ मध्ये फोर्डचा ९एन आला. पुढे हेन्रीच्या नातवाच्या काळात हा सौदा मोडला. फोर्डने १९४७ मध्ये स्वतःचा ८एन बाजारात आणला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीकडून १९४६ पासून टीई-२० बाहेर पडू लागला होता. १९५६ पर्यंत तो बनत राहिला आणि पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले. एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरीने अंटार्क्टिकावर पट्टे चढवून नेले ते हेच ट्रॅक्टर. ४ जानेवारी १९५८ ला ते त्याच्यासह दक्षिण ध्रुवावर पोचले. ८एनही पाच वर्षांत पाच लाखांच्या घरात गेला. म्हणजे अटलांटिकच्या दोन्ही काठांवर मिळून एकाच घराण्याचे दहा लाखांहून जास्त ट्रॅक्टर रानात उतरले. आजही त्यांचे सुटे भाग नवे मिळतात, त्यामागे ही संख्याच आहे.

टीई-२०चे वजन अकराशे किलोच्या आसपास आणि ताकद विसाच्या घरात. त्याला स्टार्टरचे वेगळे बटण नाही. गिअरचा दांडा ‘एस’ या खुणेवर नेला की इंजिन फिरते, त्यामुळे गिअरमध्ये असताना तो सुरूच होऊ शकत नाही. एवढा सुरक्षेचा विचार १९४६ च्या ट्रॅक्टरमध्ये होता. याच ट्रॅक्टरमध्ये एक मोठी उणीव राहून गेली आहे, तिच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

आता मोअर. गवत कापायची यंत्रे मुख्यतः तीन जातींची. पहिले कात्रीच्या तत्त्वावर चालणारे. लांब पट्टीवर त्रिकोणी पाती उजवीकडे-डावीकडे सरकतात आणि गवत बुडाशी कापून अख्खे आडवे पाडतात. चाऱ्यासाठी वाळवायचे गवत असेच कापावे लागते. दुसरे स्लॅशर: पत्र्याच्या मोठ्या झाकणाखाली आडवी फिरणारी एक-दोन जाड पाती. ते स्वस्त आणि दणकट असते आणि जुन्या ट्रॅक्टरमागे वर्षानुवर्षे तेच दिसत आले आहे. पण त्याच्या पात्याला दगड लागला तर तो झाकणाच्या फटीतून बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो. तिसरे फ्लेल.

फ्लेल मोअरच्या पोटात एक आडवा लोखंडी नळकांडा असतो, त्याला रोटर म्हणतात. रोटरच्या अंगावर ओळीने कान वेल्ड केलेले असतात आणि प्रत्येक कानात बोल्टवर सैल लोंबणारी पाती असतात. गवतासाठी दोन पात्यांची जोडी इंग्रजी वाय अक्षरासारखी फाकलेली, झुडपांसाठी जाड हातोडीसारखी. यंत्र थांबलेले असताना हाताने हलवले तर पाते खुळखुळते. नवख्या माणसाला ते ढिले वाटते आणि तो पाना घेऊन बोल्ट आवळायला बसतो. पाते सैलच असायला हवे. रोटर फिरायला लागला की ते बाहेरच्या बाजूला ताठ उभे राहते, आणि दगड किंवा खुंट आडवा आला तर मागे झुकून पुढे जाते. धक्का रोटरला आणि गिअरबॉक्सला बसत नाही. दगड उडाला तरी तो बहुधा झाकणाच्या आतच आपटतो, पुढच्या लोंबत्या पट्ट्या आणि मागचा रूळ त्याला अडवतात. रस्त्याच्या कडेने, घरांजवळ, कुंपणापलीकडे माणसांची ये-जा असते तिथे फ्लेल वापरतात, त्याचे मुख्य कारण हेच.

ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवण्यासाठी जो दांडा असतो त्याला पीटीओ म्हणतात. त्याचे मिनिटाला ५४० फेरे मोअरच्या गिअरबॉक्समध्ये वाढतात, बाजूच्या व्ही-बेल्टवर आणखी वाढतात आणि रोटर मिनिटाला साधारण २००० फेरे घेतो. पात्याच्या टोकापर्यंतचा घेर ४० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४२ मीटर येतो, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. पात्याला फारशी धार लागत नाही याचे कारण या आकड्यात आहे. कापून झाल्यावर खाली वाकून गवताचे बूड पाहा. वेग पुरेसा असेल तर काडी सरळ तुटलेली दिसते. वेग कमी पडला असेल तर टोक फाटून त्याच्या पांढुरक्या दशा लोंबतात, आणि दोन दिवसांत सगळ्या रानावर तांबूस झाक चढते. ट्रॅक्टरवर बसून जे कळत नाही ते या एका काडीवरून कळते.

मागे पडते तो गवताचा बोटभर तुकड्यांचा चुरा, सगळीकडे सारखा पसरलेला. वर ढीग राहत नाहीत, गोळा करावे लागत नाही, पावसात तो जमिनीत मुरतो. या चुऱ्याची दुसरीही एक बाजू आहे, ती पुढे सांगतो.

जोडणी करताना पहिला सुखद अनुभव येतो. आजच्या छोट्या मोअरच्या खालच्या पिना पाऊण इंचापेक्षा थोड्या जाड, म्हणजे सात अष्टमांश इंचाच्या आणि वरची पिन पाऊण इंची असते. याला कॅटेगरी-१ म्हणतात आणि टीई-२०च्या दांड्यांची भोकेही याच मापाची. गेल्या महिन्यात कारखान्यातून निघालेले यंत्र १९४८ च्या ट्रॅक्टरला काही न ठोकता-कापता लागते. मोअरला पीटीओशी जोडणारा शाफ्ट चढवायला घेतला की मात्र हात थांबतो. आजच्या शाफ्टचे तोंड एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचे आणि ट्रॅक्टरचा पीटीओ सव्वा इंचालाही कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा. मधे अ‍ॅडॉप्टर बसवावा लागतो. तो बसवला की शाफ्टची लांबी वाढते. ती तपासून शाफ्ट कापून बेताचा केला नाही, तर मोअर उचलताना शाफ्ट दोन्ही बाजूंनी रेटतो आणि पीटीओच्या बेअरिंगचा जीव घेतो.

आता ती उणीव. टीई-२०, ९एन आणि ८एन या तिघांनाही क्लच एकच. क्लच दाबला की इंजिन वेगळे होते, पण गिअरबॉक्स आणि पीटीओ एकमेकांना जोडलेलेच राहतात. आता समजा, तुम्ही कुंपणाच्या टोकाला आलात आणि थांबायला क्लच दाबलात. इंजिन सुटले. मागे मात्र दीडशे किलोमीटरच्या वेगाने भिरभिरणारा लोखंडी रोटर आहे. त्याचा जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सात येतो, गिअर लागलेलाच आहे, म्हणून तो मागची चाके फिरवतो. क्लच तळापर्यंत दाबलेला असतो आणि ट्रॅक्टर पुढे चालतच राहतो. समोर कुंपण असेल तर कुंपणात जातो, ओढा असेल तर ओढ्यात. यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे: शाफ्टच्या तोंडाशी एकाच दिशेने जोर देणारी जोडणी बसवायची. तिला ओव्हररनिंग क्लच म्हणतात. सायकलच्या मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये जे घडते तेच इथे घडते, पायडल थांबले तरी चाक मोकळे फिरते. काही मोअरच्या गिअरबॉक्समध्येच अशी सोय असते. तरी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका, यंत्र बंद असताना शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. ही जोडणी नसलेला मोअर अशा ट्रॅक्टरला कुणी लावू नये, असे मी ठामपणे सांगतो.

उणिवेचा दुसरा अर्धा भाग कुठल्याही सुट्या भागाने भरून निघत नाही. एकच क्लच असल्यामुळे चाके थांबवली की पीटीओलाही इंजिनचा जोर मिळेनासा होतो. दाट गवतात शिरल्यावर, चाके क्षणभर थांबवून मोअरला घास संपवू द्यावा, ही सवड हा ट्रॅक्टर देत नाही. टीई-२०चा हायड्रॉलिक पंपही पीटीओच्याच दांड्यावर चालतो. म्हणून पीटीओ सोडला की लिफ्टही गेली. कॅनडाच्या कॉकशट कंपनीने चाळीसच्या दशकातच स्वतंत्र चालणारा पीटीओ दिला होता, आणि फर्ग्युसनच्या वारसदार ३५ मॉडेलला दोन टप्प्यांचा क्लच मिळू लागला: अर्धा दाबला की चाके थांबतात, पूर्ण दाबला की पीटीओ. आपल्याकडे शेतकरी ‘डबल क्लचचा आहे का?’ असे विचारून ट्रॅक्टर घेतो, ते याचसाठी.

या पुस्तिकेत मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते इथून पुढचे. दाट गवतात इंजिन दबू लागले की बहुतेक जण थ्रॉटल कमी करून हळू जाऊ पाहतात. रस्त्यावर सवय लागलेली असते ती तशीच. पण या ट्रॅक्टरात चाके आणि रोटर एकाच इंजिनाला, एकाच गिअरबॉक्सातून बांधलेले आहेत. इंजिन १५०० फेऱ्यांवर असताना पीटीओ ५४० च्या आसपास फिरतो आणि पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटरच्या जवळपास चालतो. हिशेब केला तर रोटरच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर सुमारे सव्वातीन सेंटिमीटर पुढे सरकतो. आता थ्रॉटल कमी करून इंजिन १००० वर आणा. ट्रॅक्टर हळू झाला, पण रोटरही त्याच प्रमाणात हळू झाला. एका फेऱ्यात पुढे सरकायचे अंतर तेच राहिले, सव्वातीन सेंटिमीटर. पात्यापुढे येणारे गवत तेवढेच आहे आणि वाराचा जोर मात्र घटला. वेग दोन-तृतीयांश झाला की आघाताची ऊर्जा निम्म्याहून कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाने बदलते. गवत तुटण्याऐवजी वाकते, रोटरभोवती गुंडाळते, इंजिन आणखी दबते आणि शेवटी बंद पडते.

म्हणजे अशा ट्रॅक्टरवर घास किती मोठा घ्यायचा हे गिअर ठरवतो, आणि वार किती जोराचा पडायचा हे थ्रॉटल. थ्रॉटल कापणी संपेपर्यंत हलवायचा नाही. पहिल्या गिअरच्या खाली गिअर नाही. मग घास लहान करायचा एकच रस्ता उरतो, रुंदी कमी करायची. गवत गुडघ्यावर असेल तर मोअरची पूर्ण रुंदी न भरता अर्ध्या पट्ट्यावर चाला, उरलेला अर्धा मोअर कापलेल्या जागेवरून जाऊ द्या. फेरे दुप्पट होतील, पण इंजिनाचा आवाज एका सुरात राहील. किंवा पहिल्या फेरीत मोअर उंच धरून शेंडे घ्या आणि दुसऱ्या फेरीत बुडाशी उतरा. जुन्या काळीही ही अडचण लोकांना कळलेली होती. इंग्लंडात रोटाव्हेटर बनवणाऱ्या हॉवर्ड कंपनीने फर्ग्युसनसाठी वेग उतरवणारा जादा गिअरबॉक्स काढला होता आणि अमेरिकेत फोर्डच्या एन मालिकेसाठी शर्मन कंपनीचा गिअरबॉक्स मिळे. जुन्या बाजारात असा गिअरबॉक्स बसवलेला ट्रॅक्टर दिसला, तर रंग उडालेला असला तरी तोच घ्या.

यंत्र किती रुंदीचे घ्यावे याचे उत्तर आता सोपे होते. फुटामागे चार-पाच अश्वशक्ती लागते, म्हणून या ट्रॅक्टरांना चार फूट, फार तर साडेचार. दुकानदार पाच फुटी दाखवतो, ट्रॅक्टरच्या चाकांची रुंदी झाकली जाईल म्हणतो, आणि त्याचे म्हणणे चूक नाही. पण पाच फुटी यंत्र साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. अकराशे किलोच्या ट्रॅक्टरच्या शेपटीला ते उचलले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही, चढावर तर मुळीच नाही. पुढे वजन लावल्याशिवाय चढावर जाऊ नये. आणि सरळ वर-खाली चाला, उताराला आडवे नाही. या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान मुळात नव्हती. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना अशी कमान सक्तीची केली ती १९५९ मध्ये, तोवर टीई-२० बनायचा बंदही झाला होता. आता ती मागाहून बसवून मिळते. मी म्हणेन, मोअरच्या आधी कमान घ्या.

मोअरची उंची धरण्याचेही असेच. टीई-२०चे हायड्रॉलिक ओढ ओळखते, उंची ओळखत नाही. नांगराला ते बरोबर होते, पण मोअर जमिनीत रुततच नाही, त्याला ओढ कसली? लिव्हर मधेच ठेवून मोअर हवेत तरंगता ठेवायला गेलात तर तो वर-खाली होत राहील. ८एनला उंची धरून ठेवण्याची सोय मिळाली, टीई-२०ला नाही. म्हणून लिफ्ट पूर्ण खाली सोडा आणि मोअरला त्याच्या मागच्या रुळावर चालू द्या. कापण्याची उंची त्या रुळावर ठरवा. फ्लेलला रूळ असतो आणि तो जमिनीचा चढउतार बिनचूक धरतो. या ट्रॅक्टरला फ्लेल शोभतो तो यासाठीही.

देखभालीचे प्रकरण स्वतंत्र आहे, इथे दोनच गोष्टी. एखादे पाते तुटले तर एकटे बदलू नका, त्याच्या बरोबर समोरचेही बदला. मिनिटाला २००० फेऱ्यांवर थोड्या वजनाचा फरकही रोटरला थरथरवतो आणि आधी बेअरिंग जाते, मग वेल्ड सुटतो. दुसरी गोष्ट जूनमध्ये कापणाऱ्यांसाठी. गवत फुलोऱ्यावर असते, बी आणि कुसळे उडून रेडिएटरच्या जाळीवर बसतात आणि इंजिन तापते. ती जाळी इंजिनच्या बाजूने हवा मारून साफ करायची असते, पुढून मारली तर कचरा आणखी आत जातो. या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बहुधा खाली वळलेला असतो. वाळलेल्या गवतावर थांबलात तर त्याच्याखाली काय आहे ते पाहा.

आता त्या चुऱ्याची दुसरी बाजू, कारण यंत्र चांगले आहे म्हणून ते सगळीकडे चालवावे असे मला वाटत नाही. इंग्लंड आणि वेल्समधली सखल भागातली जुनी, रानफुलांची कुरणे १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत ९७ टक्के नाहीशी झाली. ही फुले कसदार जमिनीत टिकत नाहीत. शेकडो वर्षे लोक गवत कापून वाळवून घेऊन जात, त्याबरोबर जमिनीतला कस थोडा थोडा निघून जाई, आणि त्या हलक्या जमिनीत फुलांना जागा मिळे. फ्लेल गवत तिथेच सोडतो, कस जमिनीत परत जातो, जोमदार गवते माजतात आणि फुले दबून मरतात. ज्याच्या रानात रानफुले उरली आहेत त्याने कात्रीचा मोअर लावावा आणि गवत उचलून न्यावे. किंवा निदान फ्लेलनंतर चुरा ओढून काढावा. ते कष्टाचे आहे, पण ती फुले एकदा गेली की परत आणायला कित्येक वर्षे लागतात.

किड्यांचेही तसेच. कात्रीच्या मोअरची पट्टी गवताला एकदाच स्पर्श करते, फ्लेल प्रत्येक काडीवर अनेक वार करतो. काडीवर बसलेली अळी, कोष, टोळ त्यातून वाचत नाहीत. म्हणून एकाच दिवशी सगळे रान साफ करू नये, दर वर्षी वेगळा पट्टा न कापता ठेवावा. आणि कापताना बाहेरून आत गोल गोल येऊ नये. गवतात दडलेला ससा किंवा पक्ष्याची पिल्ले उघड्यावर यायला धजत नाहीत. तुम्ही जसे आत याल तसे ती मधल्या उरलेल्या गवतात गोळा होतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर कॉर्नक्रेक नावाचा जमिनीवर घरटे करणारा पक्षी आहे. त्याच्यासाठी तिथले शेतकरी कुरण मधून बाहेरच्या दिशेने कापतात, म्हणजे पिल्लांना कडेच्या उंच गवतात पळायला वाट राहते. ट्रॅक्टर तोच, वेळही तेवढाच, फक्त सुरुवात मधून.

हे सगळे मराठीत का, असा प्रश्न येईल. फर्ग्युसनचे घराणे आपल्या रानात कधीच आले आहे. त्याची कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसशी एक झाली आणि त्यानंतर टीई-२०च्या जागी ३५ आला. १९६० मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनवले आणि त्यातला १०३५ महाराष्ट्रात गावोगाव ‘मॅसी’ म्हणून ओळखला जातो. महिंद्रानेही १९६३ मध्ये ट्रॅक्टर बनवायला घेतला तो इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बी-२७५, तेही मूळचे ब्रिटिश मॉडेल. या पिढीतले जुने ट्रॅक्टर अजून चालू आहेत आणि फ्लेलच्याच जातीची यंत्रे आता त्यांच्यामागे लागत आहेत, नावे फक्त वेगळी: मल्चर, श्रेडर, पाचट कुट्टी यंत्र.

आपल्याकडे गवतापेक्षा कितीतरी चिवट गोष्टींशी गाठ आहे. ऊस तुटून गेल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट मागे राहते. ते पेटवून देण्याची सवय अजून मोडलेली नाही, आणि पेटवल्यावर सेंद्रिय पदार्थ तर जातोच, वरच्या थरातले जिवाणूही होरपळतात. खोडव्यात पाचटाची कुट्टी करून ती सरीत दाबली, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, तर तेच पाचट खत होते आणि ओल धरून ठेवते. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीच्या पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवतात आणि त्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत राहते. त्या वेळेवर भुगा करून जमिनीत गाडाव्यात असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. दोन्ही कामे फ्लेलच करतो. फक्त पाते वायऐवजी हातोडीचे लागते आणि ताकद जास्त लागते.

इथे मला सर्वात जास्त काळजी वाटते. कुट्टी यंत्राचा रोटर गवताच्या मोअरपेक्षा जड, म्हणून सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरला मागून ढकलणारा जोरही मोठा. पाचट लांब आणि दोरीसारखे, म्हणून वेग उतरला की गुंडाळणे लगेच सुरू. आणि गुंडाळलेले पाचट काढायला माणूस पीटीओ चालू ठेवून हात घालतो, शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर तर पहिल्याच हंगामात काढून टाकलेले असते. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, साडीचा पदर शाफ्टला लागला तर मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे होतात. ओरडायलाही वेळ मिळत नाही. ते कव्हर काही शे रुपयांना मिळते.

प्रकरणांचा क्रम मी कापणीच्या क्रमाने ठेवला आहे: पीटीओ आणि शाफ्ट, मग जोडणी, मग गिअर आणि थ्रॉटल, मग पाती-बेल्ट-बेअरिंग, आणि शेवटी कुठे व कधी कापू नये. ज्यांच्याकडे डबल क्लचचा ट्रॅक्टर आहे त्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून सुरू केले तरी चालेल. सिंगल क्लचवाल्यांनी पहिले प्रकरण वाचून, शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहून, मगच यंत्र रानात न्यावे.